नको म्हणणाऱ्या हाताचं डफडं

सावळखेडची गोष्ट सांगणारे सगळे ती टेकडीवर आणून सोडून देतात. कामरगावच्या जीप स्टँडवर विचारा, धनजच्या चहाच्या टपरीवर विचारा. तलाव फुटायच्या अर्धा तास आधी रत्नमालाबाईनं डफडं वाजवलं, सारं गाव टेकडीवर चढलं, एक कोंबडीसुद्धा मेली नाही, झाली गोष्ट. आता जीव वाचला म्हणजे गोष्ट संपली असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल घरी जावं. खरी मौज पुढेच आहे, आणि ती कोणी सांगत नाही, कारण तिच्यात निम्म्या गावाची शोभा झालेली आहे.

रत्नमालाला सरपंच होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. झाली कशी, तर जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघाली, बौद्धवाड्यात शिकलेल्या बाया चार, त्यातली ही सगळ्यात कमी बोलणारी, म्हणून जगदेवनं हिचं नाव पुढे केलं. जगदेव म्हणजे माजी सरपंच, साठ एकरांचा धनी. राखीव जागेपायी खुर्ची गेली, पण मूठ काही सुटली नव्हती. आपल्या सुनेला, साधनाला, त्यानं उपसरपंच करून ठेवलं होतं आणि तिच्या सह्या तो आदल्या दिवशीच घेऊन ठेवायचा. रत्नमाला आपली शिलाई मशीन चालवणारी बाई. पंचायतीत ती खुर्चीच्या अगदी काठावर बसायची, कोणी 'ऊठ' म्हणालं तर सोपं जावं म्हणून. मात्र एक खोड होती तिला. वस्तू हाती आली की ती आतून कशी शिवली आहे हे उसवून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

डफडं सापडलं घरकुलासाठी जुनं घर पाडताना, आढ्याला उलटं टांगलेलं. एकेकाळी गावची दवंडी त्यावर व्हायची आणि ती पिटायचं काम रत्नमालाच्या सासरच्या घराकडे. पिढ्यान्‌पिढ्या; मर्जी कोणी विचारत नव्हतं. छप्पन साली घरानं धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, दवंडी सोडली, आणि तिच्या आजेसासऱ्यानं डफडं आढ्याला टांगून टाकलं. मोडलं का नाही, असं तिनं सासूला, भागिरथाबाईला, विचारलं.

"मोडलं असतं तं पोट्टे इसरले असते," म्हातारी म्हणाली. "टांगलं म्हंजे वर पाह्यलं की आठवते."

ऑगस्टमध्ये तलावाच्या भिंतीला भगदाड दिसलं तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती आणि देवळाच्या भोंग्याला लाइट नव्हती. भागिरथाबाईनं डफडं सुनेच्या हातात कोंबलं. रत्नमाला नको नको म्हणत होती. आपल्या घरानं टाकलेली चीज पुन्हा हातात घ्यायची तिला लाज वाटत होती. "आंधी कोनाचा हुकूम ते सांग, नाई तं कोनी ऐकत नाही," सासू ओरडली. रत्नमालानं डफड्यावर काडी मारली आणि म्हणाली, "गावाचा हुकूम हाय, सगळ्यांनी टेकडीवर चला." आणि बाप्पा, गाव चाललं. चूल सोडून, पाळणा उचलून, आंघोळीला बसलेले टॉवेलावर. जगदेवची आई प्रयागबाई, सहा वर्षं खाटेला खिळलेली, तीसुद्धा आपल्या पायांनी टेकडी चढली. इथपर्यंतचं सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढचं असं. पाणी ओसरलं, चिखल काढून झाला आणि रत्नमाला डफडं उसवायला बसली. चामडं नव्हे, त्याची रीत. दार लावून तिनं काडी मारली आणि म्हणाली, "गावाचा हुकूम हाय, भागिरथाबाईनं चहा मांडावा." डफडं थप्प वाजलं, ओल्या पोत्यावर थाप मारावी तसं.

"तूच मांड," भागिरथाबाई म्हणाली.

मग गावातले हौशे-गवशे येऊन वाजवून गेले. थप्प. जगदेव आला, मिशीवर हात फिरवून मोठ्या तोऱ्यात काडी मारली. थप्प. दिवाळी झाली तेव्हा गाव म्हणायला लागलं की डफडं एकदाच वाजायचं होतं, वाजून गेलं. तशात पंचायत समितीचे एक साहेब हात धुण्याच्या मोहिमेवर आले आणि हटून बसले, की मॅडम, ते तुमचं डफडं वाजवा, फोटो काढायचा आहे. रत्नमाला तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा तिचं डोकं फिरलं आणि तिनं चिडून काडी हाणली. डफडं घणाणलं. "गावाचा हुकूम हाय, सगळ्यांनी हात धुवा," ती म्हणाली.

किती वेळ ते सांगायचं राहून गेलं. गाव हात धूत बसलं. रत्नमालाही धूत बसली, साहेबही धूत बसले, बोटांना सुरकुत्या पडल्या, साबण संपले, राख संपली. दुपारी टाकी रिकामी झाली तेव्हा कुठे हात थांबले. साहेब जीपमध्ये बसले ते परत आले नाहीत.

त्या संध्याकाळी रत्नमालाच्या डोक्यात टाका बसला. दोन्ही वेळा तिला वाजवायचं नव्हतं. हौसेनं वाजवलं की मुकं, आणि मनाविरुद्ध वाजवलं की बोलतं. शिवाय हुकूम कोणाचा ते सांगावं लागतं, आणि शब्द जसा पडेल तसाच धरला जातो. तो पुरा झाला किंवा पाळणं अशक्य झालं की मगच सुटका. तिनं हे सासूला सांगितलं. तिला वाटलं म्हातारी चकित होईल.

"त्यात नवल काय वं," भागिरथाबाई भाकर थापता थापता म्हणाली. "पिढ्यान्‌पिढ्या मनाविरुद्धच वाजलं ते. त्याले तेवढीच चाल येते."

डिसेंबरात रत्नमाला प्रयागबाईचं पोलकं बेतायला जगदेवच्या घरी गेली. म्हातारी पुन्हा खाटेवरच होती. टेकडीवरून तिला चौघांनी उचलून आणलं होतं, तेव्हापासून तिला कुशीवर वळणंही जड जात होतं. रत्नमाला टेप धरून वाकली तसं प्रयागबाईनं तिचं मनगट धरलं.

"लोक म्हनतात चमत्कार झाला," ती म्हणाली. "चमत्कार कायचा वं? पाय माहे होते, चालवनारा दुसराच होता. कंबरेतून कळा निघून राह्यल्या होत्या आन तोंडातून आवाज निघेना. मले कोनी इचारलं होतं काय?"

"तुमचा जीव वाचला, माय."

"वाचला. तुहे उपकार हाय. पन पुन्हा नको वाजवू."

घरी येऊन रत्नमालाला सुईत दोरा ओवता येईना. डफड्याचं तिला आत्तापर्यंत नवलच वाटत होतं. आता भीती वाटू लागली. डफड्याची, आणि त्याहून जास्त या गोष्टीची, की गावात ज्याला जे हवं तो तिच्याकडे येतो आणि तिला नको म्हणायला लावून तेच करवून घेऊ शकतो. तिनं ठरवलं, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत डफडंही सोडायचं आणि खुर्चीही. ग्रामसेवकाला राजीनाम्याचा विषय घ्यायलाही तिनं सांगून ठेवलं. घरी जावं, काजं-बटनं करावी, सुखात राहावं.

जगदेव तर त्या सभेची वाटच पाहत होता.

झेंडावंदन झालं, पोरं लाडू घेऊन घरी पळाली, आणि शाळेच्या मैदानात निंबाखाली सभा बसली. रत्नमाला अध्यक्ष, बाजूला उपसरपंच साधना, पदर कपाळापर्यंत. ग्रामसेवकानं विषय वाचायच्या आधीच जगदेव उभा राहिला.

"दवंडीचं डफडं गावाचं असते," तो म्हणाला. "कोन्या एका घरचं नसते. ते ग्रामपंचायतीत जमा व्हावं, आन कवा वाजवाचं ते गावानं ठरवावं. तलावाचा गाळ काढाचा हाय, रस्ता कराचा हाय. इथं चौघांचं चौघांशी जमत नाही. एक हुकूम निघाला तं आठ दिवसांत गावाचं सोनं होते."

लोकांना पटलं. खोटं कशाला बोला, रत्नमालालाही जरा पटलं. तेवढ्यात बायांमधून भागिरथाबाईचा आवाज आला.

"गावाचं होतं तं वाजवाले आमचेच हात काहून लागत होते?"

पण रत्नमालानं पिशवीतून डफडं काढून टेबलावर ठेवलं. "घ्या," ती म्हणाली. "मले नको हे. आन तुमच्या काही कामाचंबी नाही ते, जगदेवभाऊ. ज्याले वाजवाची हौस हाय त्याच्या हातात ते बोलत नाही. ज्याले नको वाटते त्याच्याच हातात बोलते."

इथे तिनं माती खाल्ली. शिवण उलगडली की दुसऱ्याला दाखवल्याशिवाय राहवत नाही, ही शिलाई करणाऱ्या बाईची खोड. दाखवायच्या नादात आपण कोणाला दाखवतोय हे तिनं पाहिलंच नाही. जगदेवच्या चेहऱ्यावर आधी विचार आला, मग हसू आलं. तो सावकाश सुनेकडे वळला.

"साधना, घे ते."

"मले नका सांगू, मामाजी," साधना म्हणाली. सभेत तिचा आवाज लोकांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

"नको वाटते ना तुले? मंग तूच पायजे." त्यानं डफडं तिच्या पुढ्यात सरकवलं. "म्हन, जगदेवचा हुकूम हाय, आजपासून गावानं जगदेवचं ऐकावं. एवढंच म्हन, आन घरी जाऊन सैपाकाले लाग."

आता रत्नमालाच्या ध्यानात आलं. गाळ नाही, रस्ता नाही. गावच्या गाव ह्या माणसाच्या मुठीत जाणार होतं, ते ज्या सुईनं शिवलं जाणार ती त्याच्या घरचीच होती, आणि दोरा तिनं स्वतः ओवून दिला होता. ती उठेपर्यंत साधनाच्या हातानं काडी उचलली. अकरा वर्षं ज्याच्यापुढे मान वर केली नाही त्यानं सांगितल्यावर हात काय करणार? डफडं घणाणलं. निंबावरची पाखरं उडाली.

पण तोंडाला अकरा वर्षांचं वळण होतं. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. साधनानं ते कधी एकटं असतानाही घेतलं नव्हतं. ओठापर्यंत आलेलं नाव जिभेनं आपणच बदललं.

"मामाजींचा हुकूम हाय," ती म्हणाली. "आजपासून गावानं मामाजींचं ऐकावं."

आमच्या भागात सासऱ्याला मामाजी म्हणतात. बाईचा सासरा तोही मामाजी, गड्याचा सासरा तोही मामाजी. गड्यांचे हात एकदम खिशात गेले. त्या दिवशी रेंज अगदी झकास होती. "मामाजी, नमस्कार, काय हुकूम हाय?" चहूकडून एकच बोलणं. एकाच्या सासऱ्यानं लग्नात दिलेली मोटरसायकल परत मागितली. जावई तिथूनच किल्ली घेऊन निघाला. एकाला सासऱ्यानं विचारलं की माझ्या पोरीवर हात उचलतो काय, आणि खरं सांग. त्यानं सगळ्यांदेखत खरं सांगितलं, आणि पुढचं जे सांगण्यात आलं तेही गुपचूप केलं, कान धरून. निंबाच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांभोवती त्यांच्या सुना गोळा झाल्या, "काय करू, मामाजी?" म्हणत. एकानं घाबरून नुसतं "बसा" म्हटलं, तर त्याच्या तिघी सुना जिथल्या तिथे मातीत बसल्या. ग्रामसेवक टेबलाखाली शिरून वाशिमला आपल्या सासऱ्याला फोन लावत होता.

रत्नमालाच्या कानातही हुकूम शिरला, तिच्या सासऱ्याला, जानरावला, शोधून आला, आणि तो जाऊन नऊ वर्षं झाली म्हणून विरून गेला. ती मोकळी होती. एरवी तिनं पोट धरून हसून घेतलं असतं, पण तिला 'आजपासून' हा शब्द बोचत होता. हात धुण्याचं पाणी दुपारी संपलं होतं. हे कधी संपणार? गड्यांचे मामाजी कोणी कारंज्याला, कोणी दारव्ह्याला. साधनाचा मामाजी तिच्यासमोर तीन पावलांवर उभा होता, बासष्ट वर्षांचा, धडधाकट.

जगदेवही सुटला नव्हता. त्याचा उजवा हात शिरपूरच्या नव्वदीतल्या सासऱ्याला फोन लावत होता. पलीकडे नुसती रिंग जात होती. म्हातारा फोन उचलत नव्हता तोवर जगदेवचं तोंड त्याचं स्वतःचं होतं, आणि त्यानं ते वापरलं.

"पुन्हा वाजव," तो सुनेवर ओरडला. "आन नाव घे."

साधनाचा हात वर जाऊ लागला. तो आता तिला थांबवताही येत नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात वर जात होता. रत्नमालानं झेप घेऊन डफडं तिच्याकडून हिसकावलं आणि स्वतः काडी मारली. थप्प.

तिनं पुन्हा मारली. थप्प.

आणि तिथे, त्या गोंधळात, रत्नमालाला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली. तिला हे हवं होतं. नुसतं साधनाला सोडवणं नाही. ही सभा, हे गाव, ती खुर्ची, सगळं आपल्या हातात घेऊन नीट शिवायचं होतं, आणि कितीतरी दिवसांपासून हवं होतं. आपण लाजेपायी नको नको म्हणत राहिलो. डफडं आता तिच्या हातात कधीच बोलणार नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट अंगात बळ आल्यासारखं झालं. पण साधना हात पुढे करून डफड्याकडे येत होती, तिला यावंच लागत होतं.

शब्द जसा पडेल तसा धरला जातो. रत्नमालानं जगदेवचं वाक्य मनात पुन्हा उलगडून पाहिलं. वाजव, आन नाव घे. बस, एवढंच. कोणाचं ते तो बोललाच नव्हता. आपल्याकडे बाईला 'नाव घे' म्हटलं की कोणाचं, हे सांगायची गरज कोणाला कधी पडली आहे? तिनं डफडं साधनाच्या हातात परत दिलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"कोनाचं घे ते त्यानं सांगितलं नाही. तुहं सोताचं घे."

जगदेवनं ते ऐकलं. "माहं—" म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोच फोनमधून घोगरा आवाज आला, "हॅलो, कोन बोलून राह्यलं?" आणि जगदेवचं तोंड त्याचं राहिलं नाही. "मामाजी, नमस्कार," ते म्हणालं, "काय हुकूम हाय?" म्हाताऱ्याला ऐकू कमी. "आँ?" तो म्हणाला. "मोठ्यानं बोल." जगदेव मोठ्यानं बोलू लागला.

वाजवायची हौस साधनाला अजूनही नव्हती, हुकमानंच तिची काडी पडली. डफडं पहिल्यापेक्षाही मोठ्यानं घणाणलं.

"रूपाचा हुकूम हाय," ती म्हणाली. "ज्यानं त्यानं आपलं आपलं ऐकावं."

कानाला लावलेले फोन एकेक करून खाली आले. मातीत बसलेल्या तिघी सुना साड्या झटकत उठल्या. मोटरसायकलवाला अर्ध्या वाटेवरून परत येताना दिसला. ग्रामसेवक टेबलाखालून निघाला आणि त्यानं आधी चष्मा पुसला. मग सगळे एकमेकांकडे पाहू लागले, कारण सावळखेडात रूपा नावाची बाई कोणाच्या ओळखीची नव्हती.

"रूपा कोन?" जगदेवनं विचारलं. त्याच्या हातातल्या फोनमध्ये म्हातारा अजून हॅलो हॅलो करत होता.

"मी," साधना म्हणाली. पदर खांद्यावर आला होता आणि तिनं तो तसाच राहू दिला. "तुमच्या दारात ताटातल्या तांदळावर साधना लिवलं, त्याच्या आंधी मी रूपा होतो. साधना नाव तुमीच सुचवलं होतं, मामाजी. आता इसरले असान."

जगदेवला खरंच आठवत नव्हतं. तो फोन बंद करून खाली बसला. रत्नमालाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं ती या बाईची पोलकी शिवत होती, प्रत्येक कापडाला चिठ्ठी टाचत होती, साधना म्हणून. जगातलं सगळं उसवून पाहणाऱ्या बाईला हे एक उसवावंसं कधी वाटलं नव्हतं.

ग्रामसेवकानं घसा साफ केला. "अध्यक्षबाई, तुमचा राजीनाम्याचा विषय होता."

"नाही," रत्नमाला म्हणाली. "मले इथंच बसाचं हाय." तिनं खुर्ची पुढे ओढली आणि पाठ टेकून बसली. "हजेरीपासून सुरू करा. उपसरपंचाचं नाव आंधी दुरुस्त करून घ्या."

"तसं होत नाही, बाई. प्रतिज्ञापत्र लागते, राजपत्रात छापून यावं लागते."

"मंग ते कसं कराचं, हा पहिला विषय लिवा. आन आजची सही त्या नावानं होईन. कोनी काही म्हटलं तं माह्याकडे पाठवा."

रजिस्टर रूपापुढे सरकवण्यात आलं. तिनं पेन उघडलं, ओळीवर टेकवलं आणि ती थांबली. लोकांना वाटलं सासऱ्याला भ्याली. ती रत्नमालाकडे वळली आणि हळूच म्हणाली, "ताई, रूपातल्या रूचा उकार पयला की दुसरा? मले आठवून नाही राह्यलं."

रत्नमालाला ठाऊक होतं, पण तिनं सांगितलं नाही.

"घाई नाही," ती म्हणाली. "आठवू दे. आमी बसलो हावोत."

आणि सारी सभा तशीच बसून राहिली.